तीन मिनिटांत आत्या सापडली, तीन संध्याकाळी बसून हरवली

रेघोट्या –

मंडळी, इथे चित्रकलेतले जाणकार आहेत म्हणून विचारतोय. मी चित्रकार नाही. नोकरदार माणूस, ठाणे-सीएसएमटी स्लो लोकल. बसायला मिळालं की समोरच्याचं पेन्सिल स्केच करायचं, हा बारा वर्षांचा नाद.

मे महिन्यात आत्याची पंचाहत्तरी होती. म्हटलं, यावेळी साडी-बिडी नको, आपण तिचं पोर्ट्रेट करू. तीन संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसलो. हाफ इम्पीरियल कागद, बोर्ड, चार नंबरांच्या पेन्सिली, सगळा थाट. तिनेही थाट केला. पैठणी नेसली, केस तेल लावून चापून बसवले, दोन्ही हात मांडीवर आणि नजर समोर. मी एकेक पापणी काढली म्हणा ना.

वाढदिवसाला चित्र उघडलं. सगळे म्हणाले, "वा, काय सुंदर!" मग थोडी शांतता. मग चुलतभाऊ म्हणाला, "पण ही आपली आत्या वाटत नाही रे."

आता गंमत ऐका. दुसऱ्या संध्याकाळी मध्येच तिने चहा टाकला आणि तेवढ्यात खाली वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला बसली. मी समोर पडलेल्या लाइटबिलाच्या पाठीवर तीन मिनिटांत तिला उतरवलं. मान खांद्यांतून पुढे आलेली. डावा हात जमिनीवर टेकलेला म्हणून डावा खांदा कानाजवळ गेलेला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि लक्ष मेथीत नाही, चष्म्यावरून टीव्हीकडे. डोळे काढलेच नाहीत. तोंड म्हणजे एक रेघ. ते बिल चित्राच्या मागून खाली पडलं आणि पाच वर्षांची भाची लगेच ओरडली, "आत्याआजी!"

पापण्या मोजून काढलेली आत्या कुणालाच ओळखू आली नाही, आणि डोळेच नसलेली पोरीनेही ओळखली. हे असं का होतं?

टवाळ –

पैठणीत आमची आईसुद्धा आई वाटत नाही. दोष पैठणीचा आहे, तुमचा नाही. हलके घ्या.

नीलाक्षी –

टवाळ गमतीत म्हणाले, पण अगदीच चुकीचं नाही ते.

मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवते. रेघोट्या, मला एकच सांगा. मोठ्या चित्राची सुरुवात कुठून केलीत?

रेघोट्या –

डाव्या डोळ्यापासून. नेहमी तिथूनच करतो. पहिली संध्याकाळ जवळजवळ दोन डोळ्यांतच गेली.

नीलाक्षी –

वाटलंच. आणि बिलावर?

रेघोट्या –

आठवावं लागेल. बहुतेक पाठीच्या बाकापासून. हो, पाठ, मान, मग डोक्याचा गोळा. चष्मा शेवटी.

नीलाक्षी –

मग उत्तर तुम्हीच दिलंत.

आपण रस्त्यात माणूस ओळखतो तो पन्नास पावलांवरून. तिथून पापणी दिसते का? दिसतो तो डोक्याचा कल, मान खांद्यांवर कशी बसवली आहे ते, कपाळ आणि केसांची हद्द, हनुवटी छातीपासून किती लांब आहे ते. ओळख या मोठ्या मापांत असते. तीन मिनिटांत तुमच्या हाती तेवढंच लागतं, कारण बाकीच्याला वेळच नसतो. डोळ्यापासून सुरुवात केली की पहिल्या तासात डोळा सुरेख होतो, पण तो डोक्याच्या हाडावर कुठे बसतो हे ठरलेलंच नसतं. मग नाक डोळ्याला जुळवायचं, ओठ नाकाला जुळवायचे. प्रत्येक ठिकाणी एखादा दोरा चूक. हनुवटीपर्यंत येईतो सगळ्या चुका मिळून दुसरीच बाई तयार.

मुलांची नेहमीची चूक सांगते. डोळे कपाळावर चढवतात. खरं तर मोठ्या माणसाचे डोळे टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. पट्टी लावून दाखवलं तरी मुलांना पटत नाही, कारण त्यांच्या लेखी चेहरा भुवईपासून सुरू होतो. वरच्या कवटीकडे कुणी बघतच नाही.

दुसरं म्हणजे बसवलेला चेहरा. माणूस समोर बसला की पहिली दहा मिनिटं तो "चित्रात कसा दिसेन" असा चेहरा करतो. मग तो चेहरा थकतो. गाल उतरतात, नजर मरते. तुम्ही तीन संध्याकाळी काढलीत ती कंटाळा आलेली आत्या. बिलावरची चहाचं आधण व्हायची वाट बघत होती.

प्राची_बाझल –

नीलाक्षी, काय सुंदर लिहिलंय! माझी भर थोडी वेगळ्या अंगाने.

मी राहते त्या स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये चित्रकार हान्स होल्बाइनने उमेदीची वर्षं काढली. इथले महापौर याकोब मायर आणि त्यांच्या बायकोची त्याने १५१६ साली जोडचित्रं केली, त्याआधीची चंदेरी सळईने केलेली रेखाटनं इथल्या कुन्स्टम्युझियम या कलासंग्रहालयाकडे आहेत. कागदावरची कामं असल्यामुळे कायम भिंतीवर नसतात, मिळतील तेव्हा बघून घ्यायची. त्या रेखाटनांत त्याने रंगांच्या नोंदी लिहून ठेवल्यात. म्हणजे माणूस एकदाच समोर बसवायचा, चेहरा उतरवून घ्यायचा, रंगाची यादी करायची आणि पुढचं काम कारखान्यात.

पण मला आवडतं ते दहा वर्षांनंतरचं. याच मायर कुटुंबाचं येशूची आई मेरी हिच्यासोबतचं मोठं चित्र आहे, डार्मस्टाट मॅडोना म्हणून ओळखलं जातं. त्यासाठी त्यांची मुलगी आना हिचं खडूने केलेलं रेखाटन आहे. त्यात तिचे केस पाठीवर मोकळे सोडलेत. पूर्ण चित्रात मात्र केस बांधलेले आणि डोक्यावर भरगच्च साज. चित्रातही आधी मोकळेच रंगवले होते, मागाहून बदलले. मुलगी लग्नाची झाली म्हणून, असं मानतात. घराला हवी होती तशी मुलगी चित्रात गेली, आणि होती तशी कागदावर राहिली.

रेघोट्यांच्या आत्याची पैठणी वाचल्यावर मला आनाचा तो साजच आठवला.

सुतारपक्षी –

चांगली चर्चा, पण दोन ठिकाणी ठोकतो. नावाला जागायला नको?

एक. चंदेरी सळई म्हणजे पेन्सिल नव्हे. लेप दिलेल्या कागदावर चांदीची टोकदार तार फिरवायची, रेघ खोडता येत नाही. ग्रॅफाइटची मोठी खाण इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात सापडली. आज आपण वापरतो ती पेन्सिल, म्हणजे ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मळून भाजलेली कांडी, ही १७९५ मध्ये फ्रान्समध्ये कोंते याने काढली. लढाईमुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट बंद झालं होतं, म्हणून. माती कमी-जास्त करून कांडी मऊ किंवा कडक करता यायला लागली. तुमची मऊ ४बी पेन्सिल त्या मातीच्या हिशेबावरच चालते.

दोन, आणि हे महत्त्वाचं. "झटपट म्हणून सारखं" हे मला पटत नाही. त्याच कोंतेच्या देशातला चित्रकार अँग्र बघा. नेपोलियन पडल्यावर १८१५ नंतर रोममधले त्याचे फ्रेंच गिऱ्हाईक गेले आणि पोटासाठी तो प्रवाशांची, विशेषतः इंग्रजांची, पेन्सिल-चित्रं करायला लागला. त्याचा त्याला राग होता. दारात येऊन कुणी विचारलं की छोटी चित्रं काढणारा माणूस इथेच राहतो का, तर तो म्हणाला, इथे राहतो तो रंगचित्रकार आहे, असा किस्सा सांगतात. एका चित्राला चारेक तास घ्यायचा. कडक पेन्सिल, सुईसारखं टोक, गुळगुळीत पांढरा कागद. पापण्या आहेत, नाकपुड्या आहेत, सगळं आहे. आणि माणूसही आहे. आता काय म्हणाल?

रेघोट्या –

आता मी आत्याकडे तोंड दाखवू शकत नाही, असं म्हणेन.

नीलाक्षी –

सुतारपक्षी, अँग्रची चित्रं नीट बघा. तुमच्याच मुद्द्यात माझा मुद्दा दडलाय. चेहरा बारीक, पण कोट, बाह्या, झालर, खुर्ची? सगळं एका दमात ओढलेल्या रेषांनी. कागदाचा बराच भाग कोरा. त्या भरधाव रेषांनी खांदा कुठे आहे ते आधी पक्कं केलंय, म्हणून चेहऱ्यावर कितीही बारीक काम केलं तरी तो हलत नाही.

आणि सकाळच्या बैठकीनंतर तो बसणाऱ्याबरोबर जेवायचा, हे तुम्ही सोईस्करपणे गाळलंत. जेवताना माणूस पोझ घेत नाही. घास तोंडात असताना तो स्वतःसारखाच असतो.

सुतारपक्षी –

जेवणाचा मुद्दा मान्य. गाळला नव्हता, विसरलो होतो.

मग बेर्तांचीही गोष्ट सांगून टाकतो. बेर्तां म्हणजे पॅरिसमधल्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा मालक, अंगाने भरभक्कम. अँग्र त्याचं तैलचित्र करत होता आणि काही केल्या जमेना. सुरुवातीच्या रेखाटनात बेर्तां उभा आहे, टेबलाला रेलून, चारचौघांसारखा सभ्य. बैठकांमागून बैठका, अँग्र रडकुंडीला आलेला. मग एके दिवशी बेर्तां गप्पांच्या भरात गुडघ्यांवर पंजे रोवून पुढे झुकलेला त्याने पाहिला, आणि म्हणाला, झालं तुमचं चित्र. या किश्शाच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत, पण १८३२ चं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि ते पंजे एकदा पाहिले की विसरत नाहीत. बाजारपेठेतला एखादा जुना अडत्या गादीवर बसतो तसा बसलाय. उठला तर कुणाला तरी झापणार.

टवाळ –

तो अँग्र यंत्र वापरायचा असं वाचलं होतं ना? कॅमेरा कायतरी?

सुतारपक्षी –

कॅमेरा ल्युसिडा. दांड्यावर बसवलेला छोटा लोलक. त्यातून बघितलं की समोरचा माणूस आणि कागद एकाच वेळी दिसतात, रेघा गिरवायच्या. १८०६ च्या सुमारास निघाला. १९९९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत अँग्रच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन पाहून इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीला संशय आला, मग त्याने स्वतः तसला लोलक आणून त्याच गॅलरीच्या पहारेकऱ्यांची चित्रं काढली. अँग्रने वापरला याचा थेट पुरावा नाही. बरेच अभ्यासक मानत नाहीत.

वापरला असला तरी मला फरक पडत नाही. लोलकातून नाकाची जागा मिळेल. गुडघ्यावर पंजे कधी रोवले जातात, ते लोलक सांगत नाही.

मी_माणदेशी –

उशिरा आलो. सगळ्यांशी थोडा असहमत.

रेघोट्या, तुमच्या बिलावरची आत्या कुणी ओळखली? घरच्यांनी. आम्हांपैकी कुणाला दाखवलंत तर आम्ही म्हणू, मेथी निवडणारी कुठलीतरी म्हातारी. त्या स्केचमध्ये डोळे नाहीत, ते तुमच्या भाचीने भरले. अपुऱ्या चित्राचा हाच फायदा. बघणारा आपल्याकडचं त्यात ओततो. पुऱ्या चित्रात ओतायला जागा नसते आणि जे आहे ते तपासलं जातं. म्हणून स्केच "खरं" आणि पोर्ट्रेट "खोटं" हा निकाल इतक्यात देऊ नका.

आमच्याकडचं सांगतो. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो, तोही ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तालुक्याच्या गावातल्या एका पेंटरकडून मोठं चित्र करून घेतलं, गेल्या पिढीत सगळेच करायचे तसं. त्याने वडिलांना कधी पाहिलेलं नव्हतं. नाक, मिशी, कपाळ, काही खोट नाही. आईने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "टोपी सरळ घातलीय त्यांना." वडिलांची टोपी कायम उजवीकडे कललेली असायची. फोटो काढणाऱ्याने ती सरळ करायला लावली असणार. आता ते चित्र वीस वर्षं भिंतीवर आहे. हार तेवढा आम्ही उजवीकडे जरा खाली ओढून घालतो.

प्राची_बाझल –

काय बोलावं सुचेना हे वाचून.

नीलाक्षी –

माणदेशी, तुमचा पहिला परिच्छेद खोडायला मी टाइप करत होते, दुसऱ्याने माझी पाटीच पुसली.

तरी एक म्हणते. बघणारा ओततो हे खरं, पण कुठल्याही अपुऱ्या चित्रात ओतत नाही. भाची गोंधळली नाही. त्या रेघांत शेजारच्या काकू मावल्या नाहीत. म्हणजे जे चार-पाच धागे पकडायचे ते बरोबर पकडलेत. तुमच्या वडिलांच्या चित्रात नेमका तोच एक धागा नव्हता. अर्कचित्र काढणारे हेच करतात, फक्त तो धागा ताणून दाखवतात. आपले वसंत सरवटे दोन रेषांत लेखक उभा करायचे, त्यात ओळखीचं नसलेलं काही ठेवायचेच नाहीत.

झेलम_तळेगाव –

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. घाईत काढलेलं खरंच असतं असं धरून चाललोय आपण, त्यावर एक उदाहरण.

१६ ऑक्टोबर १७९३, फ्रेंच राज्यक्रांतीत राणी मारी आंत्वानेतला गाडीतून वधस्तंभाकडे नेत होते. चित्रकार दाविदने ती जाताना लेखणीने पटकन उतरवली. जेमतेम मूठभर रेषा. ताठ पाठ, हात मागे बांधलेले, टोपीखालून कापलेले केस, खालचा ओठ पुढे आलेला. फार जबरदस्त आहे ते. पण काढणारा कोण? राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलेला माणूस. तो ओठ इतका पुढे होता की दाविदला तो तसा हवा होता? घाईत हात खोटं बोलत नाही म्हणतात. माझ्या मते घाईत हात मनातलं बोलतो. ते खरं असेलच असं नाही.

सुतारपक्षी –

स्वागत! पहिल्याच प्रतिसादात सगळ्यांना गप्प केलंत. मी त्या चित्रात कायम तिचा ताठपणा बघत आलो. शत्रूला तिचा ताठपणा लपवता आला नाही, असं वाटायचं. आता परत बघावं लागेल.

नीलाक्षी –

दोन्ही आहे त्यात. म्हणून तर ते टिकलं.

रेघोट्या, तुम्ही सोडून बाकी सगळे बोलतोय. तुम्हाला करण्यासारखं काही सुचवते. बर्निनी हा इटालियन शिल्पकार १६६५ मध्ये पॅरिसला चौदाव्या लुईचा अर्धपुतळा करायला गेला. राजाला नुसतं बसवून ठेवायचं नाही, हा त्याचा हट्ट. राजा दरबारात बोलतोय, चेंडूचा खेळ खेळतोय, आणि हा बाजूला बसून रेखाटतोय. त्याच्यासोबत असलेल्या शांतलूने रोजनिशी लिहून ठेवली म्हणून हे कळतं. मजा पुढे आहे. दगडाला हात घातल्यावर बर्निनीने ती रेखाटनं बाजूला ठेवून दिली. म्हणाला, मला माझीच नक्कल करायची नाही. ती रेखाटनं दगडात उतरवण्यासाठी नव्हतीच. राजा डोक्यात भिनावा म्हणून होती.

आपल्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, पालकांना तो फालतू वाटतो. मी मुलांना सांगते, बघून काढायला डोळे लागतात, आठवून काढायला आधी बघितलेलं असावं लागतं.

तर आत्याला बसवू नका. तिच्या घरी जा, ती कामात असताना वीस-पंचवीस स्केचेस करा. मग घरी येऊन वही बंद करून एक काढा.

रेघोट्या –

(महिन्याभराने धागा वर काढतोय.)

गेलो. चार रविवार सकाळी. तिला सांगितलं, तुझं काम चालू दे. पहिल्या रविवारी ती सारखी पदर सारखा करत होती आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" दुसऱ्या रविवारपासून विसरली. सव्वीस स्केचेस झाली. दहाबारा टाकाऊ, एकात ती चक्क माझ्या बॉससारखी दिसतेय.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. कुठलंही काम करताना, भाकरी थापताना, फोनवर बोलताना, देवापुढे बसलेली असताना, तिची मान डावीकडे कललेली असते. किंचित. प्रत्येक कागदावर आहे. मी मुद्दाम काढली नव्हती, सव्वीस कागद जमिनीवर मांडले तेव्हा दिसली. पोर्ट्रेटमध्ये मी ती सरळ केली होती! पोझ नीट दिसावी म्हणून मीच तिला म्हटलं होतं, "आत्या, मान सरळ कर." माणदेशींच्या वडिलांची टोपी सरळ करणारा मीच निघालो.

वही बंद करून एक काढलं. बरं झालंय. बिलाइतकं नाही.

तिला सगळे कागद दाखवले. चष्मा लावून एकेक बघत गेली. मग म्हणाली, "माझी मान अशी वाकडी आहे होय रे? तुझ्या आजीची होती अशी. आम्ही भावंडं तिला चिडवायचो."

मी_माणदेशी –

आजीचा फोटो आहे का?

रेघोट्या –

आहे, एकच. स्टुडिओतला. मान सरळ.

टवाळ –

फोटोग्राफर सगळे एकाच माळेचे मणी. बरं, त्या मेथीचं पुढे काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रेघोट्या –

पराठे झाले. चहा उतू गेला.

प्राची_बाझल –

ते बिल नीट ठेवा हो. बिलाचा कागद हलका असतो, पिवळा पडून तुटतो. थेट उन्हात नको.

नीलाक्षी –

आणि ४बी असेल तर पुसटणार. दुकानात फिक्सेटिव्ह मिळतं, हातभर लांबून हलका फवारा मारा, दोनदा. हेअरस्प्रे मारू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. आणि मागची रक्कम भरली आहे ना, ते एकदा बघून घ्या.